पुंजण्यावरचा फुलबॅक

“हातानं नोको झेलू व! पोटात घे, पोटात!”

खालून प्रफुल्ल रामटेके ओरडला आणि धानाचा आणखी एक भारा त्यानं वर भिरकावला. भाऱ्यांच्या पुंजण्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या स्वातीनं उन्हापुढे डोळे किलकिले केले, भारा पुरता खाली येईपर्यंत दम धरला आणि दोन्ही हातांनी तो पोटाशी कवटाळला. मग वाकून लोंब आत, बुडखे बाहेर असा नीट रचला आणि पुन्हा सरळ उभी राहिली. खाली शाळेच्या ट्रॅकपँटमध्ये सात-आठ मुली आपापली पाळी येण्याची वाट पाहत होत्या.

“सर, रग्बी कधी खेळाचं?” त्यांच्यातल्या कीर्तीनं विचारलं.

“मंग हे काय चालू हाय?”

चहाची किटली घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या उंच बांधावरून, येणारी रत्नमाला, म्हणजे प्रफुल्लची बायको, हसायला लागली. “अजी, शाळेच्या पोरीयकडून फुकटात पुंजनं रचून घेता. लोकं काय म्हनतीन?”

“प्रॅक्टिस हाय ते.”

“हाव, प्रॅक्टिस पोरीयची अन् धान आपलं. सोय मोठी चांगली लावली.”

रत्नमाला काहीही म्हणो, प्रफुल्ल खोटं बोलत नव्हता. त्याला स्वतःला हा खेळ याच बांधीत, धानाच्या या शेतात, आला होता, फक्त तेव्हा त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. कापलेलं धान वाळलं की भारे बांधायचे आणि मळणी होईपर्यंत त्यांचं पुंजणं रचून ठेवायचं. खालचा फेकतो, वरचा झेलतो. वरच्याला सरकायला जागा नसते, डोळ्यांत ऊन असतं, आणि नुसते हात पुढे केले तर भाऱ्याबरोबर माणूसही खाली येतो. प्रफुल्ल दहाव्या वर्षापासून वरचा होता.

पुढे तो फौजेत गेला. तिथं एके दिवशी सुभेदारसाहेबांनी नव्या पोरांना मैदानावर उभं केलं आणि दोन्ही टोकांना निमुळता असलेला एक चमत्कारिक चेंडू लाथेनं आभाळात उडवायला सुरुवात केली. कोणाच्या बोटांतून तो निसटला, कोणाच्या छातीवर आपटला, एकाच्या तर थेट नाकावर बसला. प्रफुल्लची पाळी आली. त्यानं दम धरला, चेंडू पोटाशी घेतला आणि सवयीनं वाकून तो जमिनीवर नीट रचायला निघाला. सुभेदारसाहेब पोट धरधरून हसले. हसून झाल्यावर म्हणाले, “ये लड़का पीछे रहेगा.” आणि तो मागेच राहिला, चांगली बारा वर्षं.

फुलबॅक म्हणजे पंधरा जणांतला सगळ्यांत मागचा. पाठीवर पंधरा नंबर, आणि त्या पाठीमागे फक्त गोलची रेघ. पुढचे चौदा एकमेकांत घुसतात, ढकलाढकली करतात, चिखलात लोळतात. यानं एकट्यानं मागे उभं राहायचं, समोरच्यांनी उंच मारलेला चेंडू झेलायचा, आणि सगळ्यांना चुकवून कोणी धावत आलाच तर त्याला आडवा करायचा. झेललेले चेंडू कोणाच्या लक्षात राहत नाहीत. सुटलेला एखादा मात्र अख्ख्या बटालियनच्या तोंडी होतो. प्रफुल्लचे सुटले फार थोडे, त्यामुळे त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नसे.

आणि एकदा, एकदाच, तो भारताकडून खेळला. कोलकात्याला, परदेशातून आलेल्या एका संघाशी. मोहाडीत, त्याच्या गावात, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, जरा जास्तच माहीत होती. सलूनवाल्या श्रावणच्या म्हणण्याप्रमाणे प्रफुल्लनं त्या दिवशी दोन गोऱ्यांचे दात पाडले. बसस्टँडपर्यंत जाता जाता ते चार झाले.

खरं काय ते एकट्या रत्नमालाला ठाऊक होतं. मूळच्या फुलबॅकचा खांदा निखळला म्हणून शेवटची नऊ मिनिटं प्रफुल्लला आत पाठवलं होतं. त्या नऊ मिनिटांत चेंडू त्याच्याकडे एकदाही आला नाही. तो इकडून तिकडे सरकत राहिला, शिट्टी झाली, लोकांनी हात मिळवले, संपलं. जर्सीला माती लागली नाही. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला आणि पुन्हा बोलावणं आलं नाही.

तेव्हापासून ‘इंडियाकडून खेळलो’ म्हणताना आपण थोडी थाप मारतोय असं त्याला वाटायचं. कोणी विषय काढला की त्याचा आवाज खाली यायचा आणि तो धानाच्या भावाबद्दल विचारायचा. लोकांना वाटे, केवढा साधा माणूस! फौजेतून आल्यावर तो मोहाडीतल्या एका बँकेत गार्ड म्हणून लागला. दारात बंदूक घेऊन आठ वर्षं उभा होता, आणि आठ वर्षांत दरोडा सोडाच, तिथं कोणी कोणाची चप्पलसुद्धा चोरली नव्हती. “तिथंबी तुमच्याकडे कोनी येत नाई,” असं रत्नमाला अधूनमधून चिडवायची, आणि तोही हसायचा.

मुलींचा संघ त्यानं तीन वर्षांपूर्वी सुरू केला. मुख्याध्यापिका शोभाताईंनी रोजचा शेवटचा तास त्याला दिला तो काही रग्बीवरच्या प्रेमानं नव्हे. इंडियाकडून खेळलेला माणूस फुकट शिकवतो म्हणतोय, तर नाही कसं म्हणायचं, म्हणून. तीन वर्षांत मुली सात सामने खेळल्या आणि सातही हरल्या. पॉइंट म्हणाल तर एक नाही.

या दिवाळीनंतर शोभाताईंनी त्याला ऑफिसात बोलावलं.

“बसा, रामटेके. शाळा समितीतले अंकुशभाऊ विचारून राहिले होते, का हा मानूस इंडियाकडून खेळला म्हनते, तर यानं तिथं नेमकं केलं काय? मी काय सांगू?”

प्रफुल्लनं टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. “खेळलो, मॅडम.”

“ते मले समजते हो. पन तीन वर्षं झाले, आपल्या पोरीयचा एक पॉइंट नाही. आता नागपूरले मॅच हाय ना? ते एक जिंका. एकच. नाहीतर शेवटचा तास मी लेझीमले देते. लेझीमवाल्या पोरी कमीतकमी हारत तर नाही.”

प्रफुल्ल सलाम ठोकून बाहेर आला. तास गेला असता तरी त्यानं एकवेळ पहाटे शिकवलं असतं. त्याला खुपलं ते दुसरंच. संघ मोडला असता तर, याच्याकडे शिकवण्यासारखं काही नव्हतंच, असं गाव म्हणालं असतं. आणि इतकी वर्षं तो स्वतःही मनातल्या मनात तेच म्हणत आला होता. त्या रात्री तो दोन घास कमीच जेवला.

शाळेच्या स्पर्धेत पंधरा जणी नसतात, सातच खेळतात. सात जणींत फुलबॅक अशी जागा कागदावर नाही. प्रफुल्लनं कागद बाजूला ठेवला आणि स्वातीला सगळ्यांच्या मागे उभं केलं. स्वाती विणकराच्या घरची. तिचा बाप सेवकराम दिवसभर मागावर बसायचा आणि धानाशी त्या घराचा संबंध ताटात येण्यापुरता. पण पहिल्याच दिवशी पुंजण्यावर चढून तिनं अकरा भारे झेलले होते, एकही न सोडता, आणि वरून विचारलं होतं, “संपले का?” प्रफुल्लला तिथंच तिच्याबद्दल माया वाटली.

सामन्याच्या दिवशी शाळेनं मिनीबस ठरवून दिली. सोबत बाई हवी, असं मुलींच्या घरच्यांनी सांगितलं होतं, म्हणून रत्नमाला आली. तिच्यासोबत पुऱ्यांचा डबा, आलूची भाजी आणि लोणचं आलं. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की चेंडू पुढे न्यायचा असतो आणि द्यायचा मात्र मागे, आणि असला खेळ शहाण्या माणसानं काढलेला नसणार.

नागपूरचं मैदान पाहून मुली हरखल्या. सगळं हिरवं, सपाट, पांढऱ्या रेघा आखलेल्या. समोरचा संघ एका मोठ्या शाळेचा होता, सगळ्यांचे बूट एका रंगाचे. त्यांच्या सरांनी आमच्या मुलींकडे एकदा पाहिलं आणि आपल्या मुलींना हळूच काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते पहिल्याच मिनिटाला कळलं. त्यांच्यातल्या उंच मुलीनं चेंडू लाथेनं आभाळात उडवला. खेड्यातल्या पोरी, उंच चेंडूला घाबरतील, असा हिशेब.

स्वातीनं डोळे किलकिले केले, दम धरला आणि चेंडू पोटात घेतला.

दुसरा आला, घेतला. तिसरा सूर्याच्या बाजूनं आला, तोही घेतला. चौथ्याला समोरच्या दोघी तिच्या अंगावर धावून आल्या, तरी तिनं तो सोडला नाही. मैदानाबाहेर प्रत्येक चेंडूला प्रफुल्लची स्वतःची दोन्ही कोपरं पोटाशी जात होती.

पाचवा चेंडू घेतला आणि स्वातीनं समोर पाहिलं. उजवीकडची बाजू अख्खी मोकळी होती. ती सुटली. एक मुलगी तिच्या पायात झेपावली, तिला तिनं टांगेखालून सोडून दिलं. मधली रेघ गेली. मागून समोरचा संघ धावतोय, बाजूनं कीर्ती किंचाळत धावतेय, रत्नमाला डबा बाजूला टाकून उभी राहिली आहे, आणि स्वाती गोलची पांढरी रेघ ओलांडून पलीकडे गेली. चेंडू खाली टेकवला की झालं. पाच पॉइंट, तीन वर्षांतले पहिले!

पण स्वाती थांबेना. ती पळतच राहिली. पलीकडची दुसरी रेघ ओलांडली, जिच्यापुढे खेळ संपतो. तिथून पुढे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून उडी मारली. शेवटी प्रेक्षकांच्या पायऱ्यांचा सिमेंटचा कट्टा लागला तेव्हा त्याच्यावर चढून तिनं दोन्ही हातांनी चेंडू दाबून टेकवला आणि हात वर केले.

रेफ्रीनं शिट्टी वाजवली आणि मान हलवली. त्याला हसू आवरत नव्हतं. समोरच्या संघाच्या मुली तर खालीच बसल्या हसत.

“काय झालं व? पोचली तर होती ना ते?” रत्नमालानं विचारलं.

प्रफुल्लनं कपाळावर हात मारला. त्याला सगळं एका क्षणात उमगलं. सराव त्याच्या बांधीत व्हायचा; तिथं चुन्याच्या रेघा मारायच्या कशाला, चारी बाजूंनी धुरा आहेच, म्हणून तीन वर्षं त्यानं धुऱ्यालाच गोलची रेघ ठरवलं होतं. धुऱ्यावर चढायचं आणि वर चेंडू दाबायचा. सात सामन्यांत खऱ्या रेघेपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं, म्हणून चूक कधी दिसली नाही. पोरगी बिचारी धुरा शोधत गेली होती.

हाफटाइमला शून्य-शून्य होतं. स्वाती खाली मान घालून उभी होती, बाकीच्या तिच्याकडे पाहत नव्हत्या.

“चूक तिची नाई, माही हाय,” प्रफुल्ल म्हणाला. “मीच तुमाले असं शिकवलं. चाला माह्या मागं.”

तो साऱ्यांना घेऊन पांढऱ्या रेघेशी गेला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी खाली बसला. “हात लावा इथं. सगळ्याजनी. हा धुरा हाय. पानी पडून पडून बसला, म्हनून दिसत नाई. पन धुराच हाय. याच्या पलीकडे पाय पडला का जीव गेला तरी बॉल खाली दाबाचा. समजलं?”

“हाव सर.”

मुलींनी एकेक करून रेघेवर तळहात टेकवले. समोरच्या सरांना हा काहीतरी पूजेचा प्रकार वाटला असावा. ते टोपी काढून अदबीनं उभे राहिले.

दुसरा हाफ सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला घोळक्यातून चेंडू सुटून कीर्तीच्या हातात आला. रेघ आठ-दहा पावलांवर होती. ती पळाली, रेघ ओलांडली आणि “धुराऽऽ!” असं ओरडत चेंडूसकट जमिनीवर अशी आदळली की हनुवटी सोलून निघाली. रेफ्रीचा हात वर गेला. पाच-शून्य. त्यावर लाथेनं आणखी दोन पॉइंट मिळवायची संधी असते. पण ती वेळ कधी येईल असं प्रफुल्लला वाटलंच नव्हतं, म्हणून ती लाथ कोणी शिकलीच नव्हती. कीर्तीनं मारून पाहिली. चेंडू गोलऐवजी मिनीबसच्या दिशेनं गेला.

उरलेली चार मिनिटं समोरच्या मुलींनी जिवाच्या आकांतानं चढाई केली. त्या धावत येत, आमच्या पुढच्या सहा जणी त्यांना पाडत. शेवटच्या मिनिटाला ती उंच मुलगी चेंडू घेऊन मोकळी झाली, तिनं लाथ मारायला पाय मागे नेला, वर पाहिलं. मागे स्वाती गुडघ्यात किंचित वाकून, बरोबर तिच्या समोर सरकून उभी होती. मुलीनं पाय आखडता घेतला आणि घाईनं शेजारणीला चेंडू दिला. शेजारणीच्या हातातून तो सुटला. शिट्टी झाली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, रत्नमालानं रेफ्रीलासुद्धा पुरी खायला लावली. प्रफुल्लनं शाळेत फोन लावला.

“जिंकलो, मॅडम.”

“कोन जिंकलं?” पलीकडून शोभाताई.

“आपन.”

“आपन म्हनजे आपलीच शाळा? रग्बीतच ना?” असं तीनदा विचारून घेतल्यावर शोभाताई म्हणाल्या, “मंग लेझीमचं पुढच्या वर्षी पाहू,” आणि फोन ठेवण्याआधी त्या हसल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

एकटी स्वाती बाटल्या गोळा करण्याच्या निमित्तानं लांब बसली होती. प्रफुल्ल जवळ गेला तेव्हा तिनं बाहीनं नाक पुसलं.

“रडून काहून राहिली? जिंकलो ना आपन.”

“बाकीच्या जिंकल्या, सर. मी एक बॉल घेऊन पळाली, तो वाया घालवला. अन् दुसऱ्या हाफमंधी तं माह्याकडे बॉलच नाई आला. नुसती उभी होती मी येड्यासारखी.”

“पहिल्या हाफमंधी त्यायनं किती मारले वर?”

“पाच.”

“तू किती घेतले?”

“पाच.”

“दुसऱ्या हाफमंधी किती मारले?”

“एकबी नाई.”

“काहून?”

स्वातीनं मान वर करून पाहिलं.

“तू उभी होती म्हनून, बाई! त्या उंच पोरीनं शेवटी पाय मांगं नेला होता, पाह्यलं ना? तुले पाहून थांबली ते. मारला असता अन् तू बरोबर जागेवर नसती, तर आज हारलो असतो. जे आले नाई ते सगळे तूच झेलले असं समज. फुलबॅकचं असंच असते.”

एवढं बोलून तो राहिलेल्या बाटल्या उचलायला गेला. स्वाती उठून मुलींत मिसळली.

परतताना मौदा मागे पडलं तेव्हा उन्हं कलली होती. बसमध्ये गाणी झाली, कीर्तीच्या हनुवटीचे फोटो काढून झाले, मग सगळ्यांना एकदम भूक लागली आणि रत्नमालानं पुन्हा डबा उघडला. पुरी खाता खाता स्वातीनं मागच्या सीटवरून विचारलं, “सर, तुमी इंडियाकडून किती झेलले होते?”

रत्नमालाचा वाढता हात थांबला. प्रफुल्ल आता धानाचा भाव विचारणार, हे तिला माहीत होतं. पण आज त्याचा आवाज खाली आला नाही. कदाचित दिवसभर ओरडून त्याला आवाज खाली आणायचं भान राहिलं नसावं.

“एकबी नाई,” तो म्हणाला.

“एकबी नाई?” कीर्ती वळून बसली.

“नऊच मिनिटं होतो मैदानात. माह्याकडे बॉलच नाई आला.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. श्रावणच्या सलूनमधून निघालेले ते चार दात त्या बसमध्ये पडले ते पडलेच. स्वातीनं घास चावून संपवला आणि वर्गात गणिताचं उत्तर सांगावं तसं साधेपणानं सांगितलं, “मंग त्यायनं पाह्यलं असन तुमाले.”

“काय?”

“तुमी उभे हाय ते. म्हनून नसन मारला.” आणि ती कीर्तीकडे लोणचं मागायला लागली.

तो परदेशी संघ तेव्हा चांगला तीस पॉइंटांनी पुढे होता, त्यांना कोणाकडेच चेंडू मारायची गरज नव्हती, हे प्रफुल्ल सांगणार होता. खरं तेच होतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. शेजारी रत्नमाला डोळे पुसत होती आणि हसतही होती. तिनं मान हलवली आणि त्याच्या हातात एक पुरी ठेवली.

“खा चुपचाप,” ती म्हणाली.

खिडकीबाहेर कापणी झालेल्या बांध्या एकामागून एक मागे जात होत्या. प्रफुल्ल त्यांच्याकडे पाहत बसला, आणि वरठी येईपर्यंत ती पुरी त्यानं तशीच हातात धरून ठेवली.